निओक्लासिकल पियानोचा तो मऊ आवाज नेमका कशामुळे येतो?

मध्यलय:
निल्स फ्राम, ओलावुर आर्नाल्ड्स या निओक्लासिकल, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात वळणाचे आजचे संगीत रचणाऱ्या, पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रणांत पियानो मैफलीतल्यासारखा खणखणीत वाजत नाही. तो दबलेला आणि मऊ असतो, शिवाय हातोड्यांची टकटक, लाकडाची करकर, क्वचित वादकाचा श्वासही ऐकू येतो. हे आवाज वाजवतानाच टिपलेले असतात की मागाहून मिसळलेले? साध्या उभ्या पियानोवर असे काही साधेल का?

काळीपांढरी:
निदान फ्राम यांच्या बाबतीत ते वाजवतानाच टिपलेले आहेत. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर घातला आणि त्यातून २०११ चा ‘फेल्ट’ हा अल्बम घडला. फेल्टमुळे आघाताची धार जाते आणि वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे उंच उपसूर, क्षीण होतात. पण एवढ्याने पियानो नुसता हळू वाजेल, जवळचा वाटणार नाही. ती जवळीक मायक्रोफोनमुळे येते. सभागृहात मायक्रोफोन पियानोपासून अंतर राखून असतात, म्हणून तारांच्या नादात वास्तूचा घुमारा मिसळतो आणि यंत्रणेची खडखड वाटेतच विरते. इथे मात्र ते जवळजवळ तारांना टेकलेले असतात, आणि हळू वाजवलेले सूर टिपण्यासाठी ध्वनिमुद्रणाची पातळी बरीच वाढवून त्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या आणि लहान आवाजांतला फरक कमी करणारी प्रक्रिया, लावले की हातोडी जागेवर परत बसतानाचा बारीक ठोकाही सुराच्या बरोबरीने ऐकू येतो.

उभ्या पियानोवर हे उत्तम साधते. अनेक उभ्या पियानोंत मधले पेडल दाबले की फेल्टची पट्टी हातोड्यांपुढे उतरते. समोरची वरची फळी काढून एक मायक्रोफोन खर्जाकडे आणि एक वरच्या सप्तकांकडे ठेवावा. मायक्रोफोनची स्वतःची सरसर कमी असलेली बरी, कारण पातळी वाढवताच तीही वर येते. जोर लावून वाजवू नये. तसे केले की फेल्टमधून सुराऐवजी नुसता धप्प आवाज येतो.

मंद्र:
तंत्र मान्य आहे, परंतु आता सॉफ्टवेअरमध्ये तयार फेल्ट पियानो मिळतात आणि त्यांत करकर कमीजास्त करण्याची सोयही असते. परिणामी चार सौम्य कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि थोडी खरखर एवढ्यावरच रचना उभी केली जाते. आवाज सुंदर, पण त्यात सांगण्यासारखे काही नाही, असे पुष्कळदा वाटते.

काळीपांढरी:
तक्रार रास्त आहे, पण सगळ्यांना लागू नाही. आर्नाल्ड्स यांच्या २०१८ च्या ‘रि:मेंबर’मध्ये ते एक सूर वाजवतात आणि सॉफ्टवेअरच्या आज्ञेने दोन स्वयंचलित पियानो त्याला उत्तर देतात, त्यामुळे पुढचा सूर निवडताना वादकालाही ऐकत राहावे लागते. डेव्हिड क्लाविन्स यांनी २०१४ मध्ये घडवलेल्या ‘उना कोर्डा’ पियानोत प्रत्येक सुराला एकच तार आहे. एरवी बहुतेक सुरांना तीन असतात. तिथे मऊपणा वाद्याच्या घडणीतच आहे.

मध्यलय:
आभारी आहे. माझ्या पियानोला मधले पेडल आहे, मात्र पट्टी उतरवली की वरच्या सप्तकातले सूर अगदीच मरतात.

काळीपांढरी:
तुमची पट्टी बहुधा जाड आहे. वरच्या तारा आखूड आणि त्यांची आस, म्हणजे सूर रेंगाळण्याचा काळ, मुळातच थोडी, म्हणून तेवढ्या भागापुरते पातळ फेल्ट किंवा मलमलीचे कापड लावून पाहा.