कामिनी राय : पहिल्या पदवीधर नव्हे, पहिल्या ऑनर्स पदवीधर

बंगाली कवयित्री कामिनी राय यांना कधीकधी भारतातल्या 'पहिल्या स्त्री पदवीधर' म्हटलं जातं, तेवढं दुरुस्त करायला हवं. तो मान 1883 मध्ये कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू यांना मिळाला. कामिनीबाई 1886 मध्ये कलकत्त्याच्या बेथून कॉलेजातून संस्कृत घेऊन ऑनर्ससह (म्हणजे एका विषयाच्या विशेष अभ्यासासह) बी.ए. झाल्या, ब्रिटिश भारतात ऑनर्स मिळवणाऱ्या त्या पहिल्या. 'ऑनर्स' हा शब्द गळला की घोटाळा होतो. त्याच वर्षी त्या तिथेच शिकवू लागल्या आणि 1889 मध्ये 'आलो ओ छाया' हा पहिला कवितासंग्रह आला.

पण त्यांचं मताधिकाराचं काम मला जास्त मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच दोन ओळींत उरकलं जातं. ब्रिटिशांच्या 1919 च्या भारत सरकार कायद्याने स्त्रियांना मताचा हक्क द्यायचा की नाही हे प्रांतिक कौन्सिलांवर, म्हणजे प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडलं होतं. मद्रास आणि आपल्या मुंबई प्रांताने 1921 मध्ये होकार दिला. बंगालने त्याच वर्षी ठराव फेटाळला. कुमुदिनी बसू आणि मृणालिनी सेन यांच्यासह कामिनीबाई 'बंगीय नारी समाज' या स्त्री-मताधिकारासाठी झटणाऱ्या संघटनेतून लढत राहिल्या. 1925 मध्ये हक्क मिळाला, 1926 च्या निवडणुकीत तो बजावता आला. तोही मर्यादितच, कारण मालमत्तेसारख्या अटी कायम होत्या आणि बहुसंख्य बायका बाहेरच राहिल्या. दरम्यान 1922-23 मध्ये स्त्री-कामगारांच्या चौकशी आयोगावरही त्या होत्या. त्यांना नुसतं 'कवयित्री' म्हणणं म्हणूनच अपुरं वाटतं.