सोशल मीडिया सोडल्यावरच जोडीदार नीट दिसतो

फोंडेकरीण

इन्स्टाग्राम आणि फेसबुक मी बंद केलं ते लग्न जुळावं म्हणून नव्हे, रात्रीची झोप उडाली होती म्हणून. संध्याकाळी हात रिकामे राहू लागले, तेव्हा चवथ झाल्यावर गावच्या देवळातल्या नाटकाच्या तालमींना जायला लागले. जत्रेत करायचं नाटक. माझ्याकडे प्रॉम्प्टिंग आलं.

प्रॉम्प्टिंग म्हणजे नुसतं वाक्य पुरवणं नाही. नट थांबला की तो विसरलाय की मुद्दाम विराम घेतोय, हे क्षणात ओळखावं लागतं. घाईने शब्द दिला तर त्याचा विराम वाया जातो, उशीर झाला तर प्रसंग पडतो. आमच्यातला एकजण विराम घेताना मान किंचित वर करायचा. विसरला की मात्र मान तशीच राहायची आणि बोटं शर्टाच्या कडेशी चाळा करू लागायची. इतक्या बारकाईने मी कुठल्याच मुलाकडे कधी पाहिलं नव्हतं. इन्स्टाग्राम असतं तर पहिल्याच रात्री त्याचं प्रोफाइल पालथं घातलं असतं, जुने फोटो, कोणासोबत कुठे, आणि दुसऱ्या दिवशी मत बनवूनच तालमीला गेले असते. आता आमची रजिस्ट्रारकडची पहिली सही झाली आहे, दुसरी व्हायची आहे; गोव्यात लग्नाची नोंदणी अशा दोन सह्यांनी पुरी होते.

ज्यांना मनापासून जोडीदार हवा आहे त्यांनी काही महिने तरी यातून बाहेर पडावं, असं माझं ठाम मत आहे.

पेडण्याचा

अभिनंदन. पण तुमचं हे मत मला लागू पडत नाही, आणि माझ्यासारखे कितीतरी आहेत.

मी पुरुष आहे आणि मला पुरुष आवडतात. आमच्या भागात दशावतारात पुरुषच स्त्रीपार्ट करतात. रात्रभर लोक त्या राणीला डोक्यावर घेतात. सकाळी तोच मुलगा चालताना जरा लचकला तर टपरीवर त्याची टर उडते. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 377 चा निकाल दिला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा, तो मी खोलीचं दार लावून मोबाइलवर वाचला. घरात कोणाला सांगणार होतो? देवळाचा मंडप ही माझ्यासाठी सगळ्यात जास्त सांभाळून वागायची जागा होती. माझा जोडीदार मला अ‍ॅपवर भेटला. अ‍ॅप नसतं तर त्याच्या शेजारी बसून पणजीपर्यंत कदंबाच्या बसने गेलो असतो आणि दोघांनाही काही कळलं नसतं.

मडगावकर

मी धागाकर्तीच्या बाजूचा. नुसत्या इच्छाशक्तीचा प्रश्न नाही हा, यंत्रच तसं बांधलेलं आहे. खाली सरकवत राहा, पान संपतच नाही, ही रचना एझा रास्किन यांनी 2006 मध्ये केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. 2012 मध्ये टिंडर आलं, मग माणसंही तशीच बोटाने बाजूला सारायची सवय लागली. पुढचा चेहरा याहून बरा असेल, ही आशा एकदा मनात बसली की समोरच्याचं बोलणं ऐकायला कोण थांबतं? जोडी जमली की दोन गिऱ्हाइकं कमी होतात. मग जमवण्याची घाई त्या कंपनीला का असावी?

वेर्णा_नाइट_शिफ्ट

तालमी संध्याकाळी सातला. माझी कंपनीची बस तेव्हा घेऊन जाते आणि सकाळी आणून सोडते. औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक मुलींचं हेच आहे. आणि गावात कोणाच्या स्कूटरमागे दोनदा बसलं की तिसऱ्या दिवशी आईला विहिरीवर विचारतात. अ‍ॅपवर मी आधी बोलते, व्हिडिओ कॉल करते, पटलं नाही तर ब्लॉक करते. गावात ब्लॉक करायची सोय नाही. एकाने माझा नाद सोडावा म्हणून मला बसचा थांबा बदलावा लागला होता.

डिचोलीचे_काका

एक गोष्ट कोणी बोलत नाही. देवळातली महाजनकी, म्हणजे देवस्थानाच्या कारभारातला हक्क, आजही कुळावरून ठरते, कायदा पोर्तुगिजांचा, 1933 चा. त्या मंडपात जमणारी माणसं बरीचशी एकाच वर्तुळातली. तिथे सहज प्रेम जमतं आणि घरचे हसत होकार देतात, कारण जात आधीच गाळून आलेली असते. माझ्या पुतणीने फेसबुकवर ओळख झालेल्या मुलाशी लग्न केलं, दुसऱ्या समाजातला. आमच्या तालमीच्या खोलीत तो कधीच आला नसता.

फोंडेकरीण

काका, आमचं लग्न एकाच समाजातलं आहे आणि घरून एका शब्दाचा विरोध झाला नाही, तो का झाला नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत. म्हणूनच मला देवळापलीकडच्या जागा हव्यात. पणजीत पाटोला सेंट्रल लायब्ररी आहे, 1832 पासूनची संस्था. तिथे शेजारच्या टेबलावर कोण बसलंय हे कुळ विचारून ठरत नाही.

पेडण्याचे दादा, तुम्ही अ‍ॅप सोडावं असं मी म्हणणार नाही. एवढंच विचारते, ओळख झाल्यावर तुम्ही दोघं त्यावर राहिलात का?

पेडण्याचा

नाही, दोघांनीही काढून टाकलं. फोटो तर आम्ही कुठेच टाकत नाही. पण तुम्ही आपल्या मर्जीने लपलात, आम्हाला लपावंच लागतं. तुमची दुसरी सही झाली की फोटो टाकायचा की नाही हे तुम्ही दोघं ठरवाल. आम्हाला तर पहिलीच सही करता येत नाही.

वेर्णा_नाइट_शिफ्ट

लायब्ररीबद्दल वाचलं. मी सकाळी घरी येते, दुपारपर्यंत झोपते, स्वयंपाक करून परत बस पकडते. सुट्टी आठवड्यातून एक, त्यात कपडे आणि बाजार. मडगावकर, कंपनीला घाई नाही हे पटलं. पण रात्री दोनच्या चहाच्या सुट्टीत माझ्याशी बोलायला जागं कोण असतं, तेही सांगा.

फोंडेकरीण

आमच्या ग्रुपमधलं कोणीच नसतं. पण तालमी रविवारी सकाळी ठेवल्या तर शिफ्टवाल्या मुली येऊ शकतील, हे आज रात्री मंडळात मांडते. तुझी सुट्टी कुठल्या वारी असते?