३० मीटर दुर्बिणीसाठी १० मायक्रॉनचा स्पेक्ट्रोग्राफ: ८ मीटरचं डिझाइन चौपट करायचं का?

धुळेकर
राम राम मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ३० मीटर दुर्बिणीसाठी (टीएमटी, म्हणजे नियोजित थर्टी मीटर टेलिस्कोप, डोळ्यासमोर आहे) ८ ते १३ मायक्रॉनच्या एन बँडचा स्पेक्ट्रोग्राफ कागदावर मांडायचा आहे. विभेदनक्षमता १ लाख, म्हणजे तरंगलांबीच्या एक लाखाव्या हिश्श्याएवढा फरक ओळखू यावा. ८ मीटरवाल्याचं डिझाइन चौपट करायचं का? सिलिकॉनची इमर्शन ग्रेटिंग (प्रकाश हवेऐवजी स्फटिकाच्या आतून विखुरणारी जाळी) चालेल का? आणि अख्खा डबा ८० केल्व्हिनला ठेवला तर पुरेल का?

तापीकाठ
भाऊ, चौपट करू नका. दृश्य प्रकाशात ताऱ्याची प्रतिमा हवेच्या थरथरीमुळे पसरते, म्हणून आरसा वाढला की स्पेक्ट्रोग्राफही वाढतो. १० मायक्रॉनला ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स (आरसा क्षणोक्षणी वाकवून हवेची थरथर खोडणारी यंत्रणा) असेल तर प्रतिमेची रुंदी तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास एवढीच राहते: ८ मीटरला ०.२६ विकला, ३० मीटरला ०.०७. आरसा वाढला तेवढीच स्लिट (प्रकाश आत घेणारी फट) अरुंद झाली, त्यामुळे ग्रेटिंग आहे तेवढीच राहते.

आता लांबी काढा. ६३.४ अंश कललेली, म्हणजे टॅन २ ची ग्रेटिंग धरा; त्या कोनाचा साइन ०.८९४. १ लाख × १० मायक्रॉन ÷ (२ × ०.८९४) = ५६ सेमी. हवेत एवढी मोठी. जर्मेनिअममध्ये बुडवली की अपवर्तनांक ४, म्हणून १४ सेमी. बीम ६.३ सेमीचा होतो. १८ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर ८ मायक्रॉनला दोन पिक्सेल मिळायला कॅमेरा एफ ४.५ (फोकल लांबी बीमच्या ४.५ पट) हवा, फोकल लांबी साधारण २८ सेमी.

सिलिकॉन एल आणि एम बँडला (साधारण ३ ते ५ मायक्रॉन) उत्तम. युरोपच्या ३९ मीटर ईएलटी दुर्बिणीसाठी बनणाऱ्या मेटिस या उपकरणात त्या बँडना सिलिकॉनचीच इमर्शन ग्रेटिंग आहे. एन बँडला मात्र नको: ९ मायक्रॉनच्या आसपास स्फटिकातला ऑक्सिजन शोषतो, शिवाय स्फटिकजाळीचं स्वतःचं शोषण असतंच. जर्मेनिअमचंही ११ च्या पुढे शोषण वाढतं आणि प्रकाशाला जाऊन-येऊन २० सेमीहून जास्त रस्ता कापायचा असतो. १३ पर्यंत खरंच जायचं असेल तर कॅडमिअम झिंक टेल्युराइड बघा, अपवर्तनांक २.७, लांबी २१ सेमी.

भुसावळ_जंक्शन
८० केल्व्हिन अजिबात पुरणार नाही.

भुसावळला मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेला पत्रा ९.१ मायक्रॉनला सगळ्यात जास्त चमकतो. हवाईतल्या मौना केआ शिखरावरची शून्य अंशाची रात्र १०.६ ला. दोन्ही तुमच्या ८ ते १३ च्या बँडमध्येच! आकाश आणि आरसे मिळून उत्सर्जकता २० टक्के धरली तर स्लिटमधून १० मायक्रॉनला एका विभेदन-घटकात (वेगळा ओळखता येणारा तरंगलांबीचा सर्वात बारीक तुकडा) सेकंदाला सुमारे ६ लाख फोटॉन येतात. एकूण कार्यक्षमता १५ टक्के आणि चार-पाच पिक्सेल धरा, म्हणजे पिक्सेलला साधारण २० हजार.

ग्रेटिंगने हा प्रकाश बारीक चिरून वाटला. डब्याच्या भिंतींचा प्रकाश मात्र ग्रेटिंग चुकवून, अख्ख्या बँडसकट डिटेक्टरवर येतो. १३ मायक्रॉनपर्यंत बघणाऱ्या पिक्सेलला चहूबाजूंनी ८० केल्व्हिनच्या काळ्या भिंती दिसल्या तर सेकंदाला सुमारे २ कोटी फोटॉन. ५० ला ३ हजार, ४० ला जेमतेम १०. म्हणून ग्रेटिंगपासून डिटेक्टरपर्यंतचा भाग ४० वर ठेवा, पुढची ऑप्टिक्स ७०-८० वर असली तरी निभावतं.

भोकंही मोजा. डिटेक्टरपासून ३० सेमीवर ०.१ मिमीचं भोक आणि त्यातून सरळ समोर ३०० केल्व्हिनची बाहेरची भिंत: पिक्सेलला ९० हजार, म्हणजे आकाशाच्या चौपट. रावेर-यावलच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गारवा पॅनेलच्या सांध्यातून जातो, तसंच हे. झाकणाचा सांधा पायऱ्यापायऱ्यांचा करा, स्क्रूची भोकं आरपार नेऊ नका, वायरी वळणाने आत आणा.

सातपुडा
थंड करताना दोन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली आकसण्याची. अ‍ॅल्युमिनिअम ३०० वरून ८० केल्व्हिनला मीटरमागे जवळपास ४ मिमी आकसतं, जर्मेनिअम १ मिमीच्या आसपास. १४ सेमीच्या ग्रेटिंगमागे ०.४ मिमीचा फरक! घट्ट आवळली तर टवका उडतो. तीन आधारांवर ठेवून स्प्रिंगने हलकेच दाबा.

दुसरी बर्फाची. आत उरलेली वाफ सगळ्यात आधी थंड होईल त्या पृष्ठभागावर गोठते. तो पृष्ठभाग सक्रिय कोळशाच्या सापळ्याचा असू द्या, डिटेक्टरला हीटर लावून शेवटी थंड करा. बर्फाचं शोषण ३.१ मायक्रॉनला आणि पुन्हा १२ च्या आसपास दिसतं. तिथे संवेदनशीलता दर आठवड्याला घसरत असेल तर बर्फच समजा.

धुळेकर
मनापासून आभार, दादा. आणि चॉपिंग (तारा आणि शेजारचं रिकामं आकाश आळीपाळीने बघून आकाश वजा करणं)? ३ मीटरचा दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा कसा हलवणार? भोक आहे हे डबा बंद झाल्यावर कळतं का?

भुसावळ_जंक्शन
दुय्यम आरसा हलवायचाच नाही. क्रायोस्टॅटच्या (थंड डब्याच्या) आत प्युपिलच्या प्रतलात, म्हणजे मुख्य आरशाची प्रतिमा पडते तिथे, छोटा थंड आरसा हलवा. १ लाख विभेदनक्षमतेला तारा स्लिटच्या लांबीवरच मागेपुढे सरकवला तरी बरंच भागतं. कमी विभेदनाचा मोड ठेवलात, समजा ४००, तर पिक्सेल सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात भरतो. तिथे वेगाने वाचणारी इलेक्ट्रॉनिक्स आणि चॉपिंग दोन्ही लागतं.

भोक कळतं. स्लिटपुढे थंड झाकण लावून फ्रेम घ्या. मग बाहेरच्या भिंतीचा एकेक भाग गरम हवेने १० अंश तापवा. जिकडे भोक आहे तिकडची भिंत तापली की गळतीचा आकडा सुमारे सहाव्या हिश्शाने वाढतो. आकडा हलला नाही तर स्लिटपुढचं झाकणच नीट बसलंय का ते तपासा.