मदत हवी आहे: ग्रेडल प्रकल्पातील 'कॉमन' मॉड्यूल कसे विभागावे?

नमस्कार.

पतसंस्थांसाठीची एक संगणक प्रणाली आम्ही तिघे मिळून सांभाळतो. ती जावामध्ये लिहिलेली असून ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाने बांधली जाते. सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी आणि अहवाल ही पाच मॉड्यूल, त्यांच्या वर प्रणाली सुरू करणारे 'मुख्य' आणि सगळ्यांच्या खाली 'कॉमन', अशी तिची मांडणी आहे. सुरुवातीला कॉमनमध्ये आर्थिक वर्ष काढणारा, रकमेत लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम घालणारा, असे मोजके क्लास होते. आज तेथे 140 क्लास आहेत. ज्याची जागा पटकन सुचत नाही, ते माळ्यावर टाकावे तसे तेथे जाऊन पडते.

ही वाढ मुख्यतः ठेवतारण कर्जामुळे झाली. सभासदाने मुदत ठेवीवर कर्ज काढले की कर्ज मॉड्यूलला ठेवीची रक्कम आणि मुदत पाहावी लागते. उलट ठेवीची मुदत संपून पैसे परत द्यायचे झाले की ठेवी मॉड्यूलला कर्जाची बाकी पाहावी लागते. दोन्ही मॉड्यूल एकमेकांवर अवलंबून ठेवताच ग्रेडलने 'सर्क्युलर डिपेंडन्सी' म्हणून बिल्ड थांबवला. त्यावर आम्ही 'ठेवखाते' आणि 'कर्जखाते' हे दोन्ही क्लास उचलून कॉमनमध्ये ठेवले, आणि त्यांच्यामागोमाग व्याजाचा हिशेबही तेथे गेला. बिल्ड चालू झाला खरा, पण आता कर्जखात्यात एखादी पब्लिक मेथड वाढवली तरी पिग्मीसकट सगळ्या मॉड्यूलांचे कंपाइल पुन्हा सुरू होते.

दुसरी अडचण मार्चअखेरीस उघड झाली. एका अहवालासाठी अर्धा रुपया जवळच्या सम संख्येकडे न्यायचा होता, म्हणून आमच्यापैकी एकाने (खरे तर मीच) कॉमनमधील पूर्णांकनाच्या मेथडमध्ये 'हाफ अप'च्या जागी 'हाफ इव्हन' लिहिले. अहवाल बरोबर आला. मात्र ज्या ठेवीवर 1250.50 रुपये व्याज निघत होते, तिच्या पावतीवर 1251 ऐवजी 1250 छापले गेले. सभासद पावती घेऊन काउंटरवर यायला एक रुपया पुरतो.

कॉमनचे 'तारखा', 'रक्कम' असे लहान तुकडे केल्याने हे सुटेल का, आणि त्या दोन खात्यांच्या क्लासची योग्य जागा कोणती? आणखी एक शंका आहे. ग्रेडल 7 वर येताना अवलंबित्व सांगणारा जुना 'कंपाइल' हा शब्द चालेनासा झाला, तेव्हा आम्ही सरसकट 'एपीआय' (म्हणजे लायब्ररी आपल्यावर अवलंबून असलेल्या मॉड्यूलांनाही दिसू द्यायची) लिहून मोकळे झालो. परिणामी कॉमनमधील पीडीएफची लायब्ररी पिग्मीलाही दिसते, आणि तिच्यातला एक क्लास तेथे वापरलाही गेला आहे. हे कसे आवरावे?

प्रतिसाद 1

तुकडे करण्याआधी प्रत्येक क्लासबाबत एवढेच विचारा, की हा बदलेल तो कोणाच्या सांगण्यावरून? ठेवीवरील व्याजाचे पूर्णांकन संस्थेच्या ठेव नियमांवरून ठरते, अहवालातले अहवालाच्या नमुन्यावरून. ओळ सारखीच दिसत असली तरी ती दोन्ही मॉड्यूलांत वेगवेगळी लिहा. बदलू शकणारा निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत झाकावा, असे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच मांडले होते; तुमच्या कॉमनमध्ये दोन निर्णय एकाच मेथडमध्ये राहत होते. आर्थिक वर्ष मात्र सर्वांचेच 1 एप्रिलला सुरू होते, ते तेथे खुशाल राहू द्या.

ठेवतारणासाठी दिशा एकच ठेवा: कर्जाला ठेवी माहीत असाव्यात, ठेवींना कर्ज माहीत नसावे. आपल्यावर बोजा आहे आणि तो किती रकमेचा आहे, एवढे ठेवीला कळले की पुरे. ठेवी मॉड्यूलमध्ये 'बोजा' नावाचा इंटरफेस (मेथडची फक्त रूपरेषा, आतला कोड दुसरीकडे) करून त्यात ठेव क्रमांक व दिनांक घेणारी आणि येणे रक्कम देणारी एकच मेथड ठेवा. कर्ज मॉड्यूल तो इंटरफेस इम्प्लिमेंट करेल आणि दोघांची गाठ 'मुख्य'मध्ये घालता येईल. मग दोन्ही खाती आपापल्या घरी परततील.

'एपीआय' तेवढ्याच ठिकाणी लिहा, जेथे लायब्ररीतील टाइप तुमच्या पब्लिक मेथडच्या पॅरामीटरमध्ये किंवा रिटर्नमध्ये, पब्लिक फील्डमध्ये किंवा पब्लिक क्लासच्या पालक क्लास-इंटरफेसमध्ये दिसतो. बाकी सर्वत्र 'इम्प्लिमेंटेशन', म्हणजे लायब्ररी त्या मॉड्यूलपुरतीच राहते. पीडीएफची लायब्ररी तर थेट अहवालातच न्यावी.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. 'बोजा' करून पाहिला. दोन्ही क्लास परत हलवले आणि बिल्ड अडला नाही. पीडीएफ हलवताच पिग्मीतील तो वापर कंपाइलरने स्वतःच दाखवून दिला. एक गोष्ट उरली आहे: चाचण्यांसाठी नमुना सभासद तयार करणारा क्लास ठेवी आणि कर्ज दोघांनाही लागतो, म्हणून तो अजून कॉमनच्या मुख्य कोडमध्येच आहे, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या जारमध्येही (कंपाइल केलेल्या क्लासच्या फाइलमध्येही) तो जातो.

प्रतिसाद 2

ग्रेडल 5.6 पासून 'जावा टेस्ट फिक्स्चर्स' हे प्लगइन मिळते; चाचण्यांसाठी लागणारा सामायिक कोड ते वेगळा ठेवते. ते सभासद मॉड्यूलला लावा आणि तो क्लास 'टेस्ट फिक्स्चर्स'च्या फोल्डरमध्ये ठेवा. ठेवी आणि कर्ज यांच्या फक्त चाचण्यांना त्यावर अवलंबून ठेवले, की तो ग्राहकाच्या जारमध्ये जाणार नाही.