२२१/२९९ अतिसंक्षिप्त रूपात आहे की नाही, ओळखायचं कसं?

प्रश्न
मुलगी सहावीत आहे. काल तिने २२१/२९९ ला २, ३, ५, ७, ११ ने भाग देऊन पाहिला, एकानेही दोन्हींना जाईना. "आई, हे अतिसंक्षिप्तच आहे," म्हणाली आणि मीही मान डोलावली. उत्तर निघालं १७/२३! १३ चा पाढा आम्ही दोघींनी काढलाच नव्हता. चूक झाली त्याचं काही नाही, पण पुढच्या वेळी थांबायचं कुठे हे तिला काय सांगू? ३७ पर्यंत पाढे म्हणायचे का?

उत्तर १
ताई, मूळ अवयव पाडा. २२१ = १३ × १७, २९९ = १३ × २३. सामाईक १३ गेला की झालं.

उत्तर २
पण अवयव पाडायलाच तर १३ सुचावा लागतो, अडचण तीच आहे. ताई, तिला आधी वजाबाकी करायला सांगा. २९९ − २२१ = ७८. जी संख्या दोघींनाही नि:शेष भागते, ती त्यांच्या फरकालाही भागणारच. म्हणजे शोध ७८ च्या अवयवांतच: २, ३, १३. २२१ विषम आहे, २ बाद. अंकांची बेरीज ५, म्हणून ३ बाद. उरला १३.

फरक मोठा आला तर तेच पुढे चालवायचं: २२१ ला ७८ ने भागलं की बाकी ६५, ७८ ला ६५ ने भागलं की बाकी १३, आणि ६५ ला १३ ने पूर्ण भाग जातो. शेवटचा भाजक १३ हाच मसावि. ही रीत युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या ७व्या भागात आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची. मला ती शाळेत 'भागाकार पद्धत' म्हणून घोकायला लावली होती. ती का चालते हे फार उशिरा कळलं, म्हणून सांगतो, मुलीला फरकाचं कारण आधी पटवा.

उत्तर ३
एक जपा. १६/६४ मधले दोन्ही ६ खोडले तरी १/४ येतं, आणि ते बरोबरही असतं! पण तो योगायोग आहे. कापायचा तो गुणक, अंक नव्हे.

प्रश्नकर्ती
आज ११९/१८७ दिलं. फरक ६८, त्यातून १७ तिनेच शोधला, ७/११ आलं. मग ३४/३५ दिलं. पेन्सिल न उचलता म्हणाली, "फरक १ आहे, आई. याला कापताच येणार नाही."