जुन्या स्प्लेंडरच्या इंजिन ऑइलमध्ये अ‍ॅडिटिव्ह टाकावं का?

विट्याचा स्प्लेंडरवाला

वडिलांची २०१३ ची स्प्लेंडर आता मी चालवतो. ६८ हजार किलोमीटर झालेत. सकाळी चालू केली की हेडमधून टकटक येते, गरम झाली की जरा कमी होते. मागच्या वेळी ऑइल काढलं तर दोनेक हजार किलोमीटरमध्ये पावणेदोनशे मिली कमी भरलं. धूर दिसत नाही. गॅरेजवाले म्हणतात, ऑइलसोबत अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे ऑइलात मिसळायच्या औषधाची, ही साडेतीनशेची बाटली टाका, आवाज बंद होईल आणि पिकअपही वाढेल. वडिलांनी गाडी फार जपली होती, त्यामुळे भलतंसलतं काही घालायला जीव होत नाही. कोणी टाकलंय का?

कारवाला, सांगली

मी कारमध्ये दोनदा टाकलं. आवाज कमी झाला, काही बिघडलं नाही. टाकून बघा.

घाटकरी, चिपळूण

दादा, कारवरून बाईकचं ठरवू नका. कारचा क्लच बहुधा इंजिनच्या बाहेर, कोरडा असतो. स्प्लेंडरमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा सगळं त्याच जेमतेम लिटरभर ऑइलात. घर्षण कमी करायला जे औषध घालाल ते प्लेटांनाही लागणार, आणि प्लेटांना तर घर्षणच हवं.

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या १५० सीसीत मी घर्षण कमी करणारं मोलिब्डेनमवालं काळं औषध ओतलं. आठ दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मग एका शनिवारी बायकोला मागे घेऊन कराडला निघालो. पोफळी सोडली, कुंभार्लीचा चढ लागला, तिसऱ्यात रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलेना. दुसऱ्यात टाकली तरी तेच. क्लचच्या लिव्हरला ढील बरोबर होती, म्हणजे केबलचा दोष नव्हता. जळका वास यायला लागला. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं आणि मागून भरलेले ट्रक येत होते. बायकोला उतरवून वळणाच्या आतल्या बाजूला उभं केलं. तेव्हा पोटात आलेला गोळा अजून आठवतो.

आधी दोनदा नुसतं ऑइल बदलून पाहिलं, फरक पडला नाही. क्लच खोलला तेव्हा प्लेटांचं लायनिंग काचेसारखं चकचकीत झालेलं, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. पूर्ण संच बदलावा लागला.

ऑइल घेताना डब्याच्या मागे जासो (जपानचं ऑइलचं मानक) एमए किंवा एमए२ लिहिलंय का ते बघा. ती खूण ओल्या, म्हणजे ऑइलात बुडालेल्या, क्लचसाठी. कारची ऑइलं निसरडी होत चालली आणि बाईकचे क्लच घसरायला लागले, म्हणून जपानमध्ये १९९८ साली हे मानक आलं. एमबी असेल ते स्कूटरचं, तिचा क्लच ऑइलात नसतो. झीज रोखणारं आणि काजळी धरून ठेवणारं जे काही लागतं ते ऑइलात मोजून घातलेलंच असतं. वरून बाटली ओतली की ते माप बिघडतं.

तुमची टकटक मला टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या वाढलेल्या फटीची, वाटते. हेडवरची दोन झाकणं काढून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावून घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं, त्यामुळे गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला ठेवा.

विट्याचा स्प्लेंडरवाला

बाटली रद्द. पण ऑइल कमी होतंय त्याचं काय?

घाटकरी, चिपळूण

एवढ्या चाललेल्या गाडीला तेवढं घाबरण्यासारखं नाही, पण दर पाचशे किलोमीटरला बघत जा. गाडी थोडी चालवून बंद करा, पाचेक मिनिटं मेन स्टँडवर राहू द्या. डिपस्टिक पुसून घाला, पण आटे फिरवू नका, नुसती टेकवा. आटे आवळून बघितलं तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पुढे सकाळच्या पहिल्या किकला निळा धूर आला तर वॉल्व्हचं सील बघायला सांगा. चालताना रेस दिली की सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. झिजलेली रिंग कुठल्याही बाटलीने भरून येत नाही, तिथे बोअर उघडावाच लागतो.

विट्याचा स्प्लेंडरवाला

आज सकाळी टॅपेट लावून घेतले. एक्झॉस्टचा गॅप बराच वाढला होता. टकटक गेली. ऑइल एमए२ घातलं, १०डब्ल्यू-३० जाडीचं. आईने आतूनच ओळखलं, म्हणाली, गाडीचा आवाज तुझ्या बाबांच्या वेळचा आला.