अनुभव धागा : विंडोज १० थांबलं, जुन्या कॉम्प्युटरचं काय करताय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. मशीन चालतंच, पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. सांगली-साताऱ्यात अडत दुकानं, पतसंस्था, शाळा, डीटीपी सेंटर सगळीकडे हा प्रश्न आहे. ज्यांच्या हाताखालून ही कामं जातात त्यांनी लिहावं. किस्से नकोत, काय करायचं, कुठे अडतं आणि का, एवढंच.

विश्रामबागकर

आधी मशीन खरंच बाद आहे का ते बघा. इंटेलचा आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर असूनही विंडोज ११ नाही म्हणत असेल, तर बहुतेक वेळा टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेल बोर्डावर ते पीटीटी नावाने सापडेल, एएमडीवर एफटीपीएम.

खरी डोकेदुखी डिस्कची. आपल्याकडच्या असेंबल मशीनवर विंडोज लेगसी, म्हणजे बूटच्या जुन्या मोडमध्ये टाकलेलं असतं आणि सी, डी, ई, एफ असे भाग पाडलेले असतात. विंडोज ११ च्या अटीतल्या सिक्युअर बूटला यूईएफआय (बूटची नवी पद्धत) लागतं आणि त्यासाठी डिस्कची आखणी जुन्या एमबीआरऐवजी जीपीटी हवी. विंडोजमधलंच 'एमबीआर२जीपीटी' हे काम डेटा न पुसता करतं. पण प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) तीनपेक्षा जास्त असली किंवा एक जरी लॉजिकल (पोटभाग) असलं, तरी ते नकार देतं. म्हणून डी, ई, एफचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, सीचाही बॅकअप ठेवा, मगच ते भाग काढा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमबीआर२जीपीटी'ला आधी 'व्हॅलिडेट', ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट'. दोन्हींना 'अलाऊफुलओएस' जोडायचं, म्हणजे चालू विंडोजमधूनच काम होतं. शेवटी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या बूटची सोय) बंद. हे राहिलं तर मशीन बूट होत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं, डिस्क उडाली.

तासगाव_हिशेब

टॅली आणि जीएसटीचं मशीन लिनक्सवर (विंडोजऐवजीची मोफत प्रणाली) नेऊ नका. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर तिथे छळतो. प्रोसेसर जुना असेल तर ईएसयू (मायक्रोसॉफ्टची विंडोज १० साठीची वाढीव अपडेटची योजना) घ्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ हवी आणि ॲडमिन असलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसत नसेल, तर राहिलेले अपडेट पुरे करून रिस्टार्ट करा. डोमेनला (ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरला) जोडलेल्या मशीनला ही घरगुती योजना चालत नाही, पतसंस्थावाल्यांनी हे लक्षात ठेवा.

कऱ्हाड_डीटीपी

जुन्या मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं प्रिंटर पोर्टच्या डोंगलवर (परवान्याची किल्ली) असतील, तर ते मशीन तसंच ठेवा. नव्या बोर्डावर तो पोर्टच नसतो. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, तयार काम पीडीएफ करून पेनड्राइव्हने बाहेर न्या. पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर स्कॅन केल्याशिवाय परत लावायचा नाही. नुसता फॉन्ट नव्या मशीनवर टाकला तर जुनी पत्रिका दिसते, पण टायपिंग होत नाही, कारण कीबोर्डचा ड्रायव्हर वेगळा असतो.

माहुली

शाळेच्या लॅबसाठी लिनक्स मिंट २२, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. सपोर्ट एप्रिल २०२९ पर्यंत. ४ जीबी रॅमवर चालतं, पण पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी २४० जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला. लॅपटॉपची रॅम घेताना डोळे उघडे ठेवा: चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची लागते. साधी १.५ व्होल्टची बसते नीट, पण स्क्रीन काळीच राहते.

मशीनची तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो आणि दोष मिंटवर येतो.

एचपी लेझरजेट १०२० चालू केला की दर वेळी फर्मवेअर कॉम्प्युटरकडून घेतो. लिनक्सवर एचपीलिपचं (एचपीच्या ड्रायव्हरचं) प्लगइन टाकलं नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, पान मात्र येत नाही.

कोरेगाव_१

रुफसने (विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) टीपीएमची अट वगळून विंडोज ११ टाकलं तर चालेल का?

विश्रामबागकर

टाकता येतं दादा, पण वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही. दर वेळी नवी आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) उतरवून हाताने करावं लागतं. कोअर टू ड्युओवर मात्र नाद सोडा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना लागते, ती त्यात नाही, त्यामुळे विंडोज बूटच होत नाही. त्या मशीनला माहुलीकरांनी सांगितलेलं मिंटच घाला.